दोन अक्षरांचा विषाणू

अस्थिमज्जा रोपण करून घेतलेला रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण महिनाभरात बऱ्यापैकी सावरलेला असतो. नव्या मज्जेने मूळ धरलेले असते, पांढऱ्या पेशींची संख्या दररोज थोडी थोडी वाढत असते, आणि नातेवाईक घरी परतण्याच्या गोष्टी बोलू लागलेले असतात. नेमक्या याच सुमारास काही रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागते. आधी लघवी गुलाबी दिसते, मग लाल होते, आणि पुढे रक्ताच्या गुठळ्या पडू लागतात. गुठळी मूत्रमार्गात अडकली की लघवी तुंबते आणि रुग्ण वेदनेने तळमळतो. हे काही दिवस चालते, कधी काही आठवडेही. कर्करोगातून वाचलेला माणूस मूत्राशयाच्या दुखण्याने पुन्हा खाटेला खिळतो. वैद्यकात याला रक्तस्रावी मूत्राशयदाह म्हणतात.

रोग रक्तात होता आणि उपचार हाडांतील मज्जेवर झाला. मग मूत्राशयाचा यात संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जवळजवळ तीस वर्षे गेली आणि ते अजूनही पुरते हाती आलेले नाही. या शोधाची एक वाट पुण्यावरून आणि माकडांवरून जाते, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

आधी रोपण म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. रक्तातील सर्व पेशी हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होतात. ल्युकेमियात हा कारखानाच बिघडतो. त्यातील बिघडलेल्या पेशी एकूण एक मारायच्या तर औषधाचा डोस इतका मोठा द्यावा लागतो की चांगली मज्जाही त्यात जळून जाते. म्हणून दुसऱ्याची निरोगी मज्जा शिरेतून चढवायची. तिच्यातील मूलपेशी आपणहून हाडांत जाऊन वस्ती करतात. अमेरिकेत डॉ. डोनाल थॉमस यांनी १९५७ साली याची सुरुवात केली. पहिली कित्येक वर्षे बहुतेक रुग्ण दगावले, तरी त्यांनी काम सोडले नाही. १९९० साली त्यांना जोसेफ मरे यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

सिॲटलला थॉमस यांच्या संस्थेत हे तंत्र शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा रोपण केले. रुग्ण होती ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि मज्जा दिली तिच्या भावाने. डॉ. अडवाणींना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी हा सारा व्याप उभा केला.

सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एक असते. ऊतींच्या जुळणीची जनुके एका गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात आणि बहुधा जुडीनेच पुढच्या पिढीत जातात. आईकडून दोनपैकी एक जुडी येते, वडिलांकडून दोनपैकी एक. दहावीच्या वर्गात मेंडेलचे चौकोन काढून घेताना वाटाण्याच्या जोडीला हे उदाहरण जरूर घ्यावे. चौकोन काढण्यामागे काय पणाला लागलेले असू शकते, ते मुलांच्या चटकन लक्षात येते.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील कुटुंबांना टाटा रुग्णालय परके नाही. पहाटेची गाडी धरून परळच्या वाऱ्या करणारी आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम टाकणारी माणसे गावोगावी भेटतात. आता टाटाचे रोपणाचे काम खारघरला चालते. पूर्वी मज्जा कमरेच्या हाडातूनच काढावी लागे. पुढे औषध देऊन मूलपेशी रक्तात उतरवायच्या आणि रक्तातूनच गाळून घ्यायच्या, ही रीत रुळली. त्यामुळे ‘अस्थिमज्जा रोपण’ऐवजी ‘मूलपेशी रोपण’ हे नाव अधिक ऐकू येते.

पहिला आरोपी

मूत्राशयातील रक्तस्रावाबद्दल पहिला संशय औषधावर गेला आणि तो रास्त होता. रोपणापूर्वी मज्जा मोकळी करण्यासाठी सायक्लोफॉस्फामाइड नावाचे औषध मोठ्या प्रमाणात देतात. जर्मनीतील नॉर्बर्ट ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९५०च्या दशकात तयार केले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली ईप्र येथे जो मस्टर्ड वायू सोडला गेला, त्याच्याच रासायनिक कुळातले हे औषध. शिशीत असताना ते निरुपद्रवी असते. यकृतात गेल्यावर त्याचे रूपांतर होते आणि शेवटी त्याचे दोन तुकडे पडतात. एक तुकडा पेशी मारणारा, तोच औषधाच्या कामाचा. दुसरा तुकडा म्हणजे अ‍ॅक्रोलिन.

अ‍ॅक्रोलिन आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे, फक्त नावाने नव्हे. कढईतले तेल धूर येईपर्यंत तापले की डोळ्यांना झोंबणारा, घशात खवखव करणारा जो उग्र वास सुटतो, त्यात अ‍ॅक्रोलिन असते. तेलातील ग्लिसरॉलमधून पाणी निघून जाऊन ते बनते. त्याच्या रेणूत कार्बनचे तीन, हायड्रोजनचे चार आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. जो पदार्थ कणभर वाफेने डोळ्यांतून पाणी काढतो, तोच मूत्रपिंडातून गाळला जाऊन मूत्राशयात तासन् तास साचून राहिला, तर आतल्या नाजूक अस्तराचे काय होईल याची कल्पना करता येते. अस्तर सोलवटते आणि रक्त वाहू लागते.

उतारा काढला तोही ब्रॉक यांच्याच गटाने. मेस्ना हे त्याचे नाव. या रेणूच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी असते आणि ती अ‍ॅक्रोलिनला पकडून ठेवते. यातली खुबी अशी, की रक्तात असताना मेस्नाचे दोन-दोन रेणू एकमेकांना जोडून निष्क्रिय होतात. त्यामुळे ते रक्तातल्या औषधाच्या कामात लुडबूड करत नाहीत. मूत्रपिंडात पोचल्यावर जोड्या सुटतात आणि ते पुन्हा कामाला लागतात, म्हणजे हवे तिथेच. रसायनशास्त्राने वैद्यकाला दिलेल्या इतक्या नेटक्या देणग्या थोड्याच असतील, असे आम्हांला वाटते. मेस्ना, शिरेतून भरपूर सलाईन आणि वरचेवर लघवी करायला लावणे, या तीन उपायांनी औषधाच्या पाठोपाठ दोन-तीन दिवसांत होणारा रक्तस्राव बराच आटोक्यात आला.

पण दुसऱ्या एका प्रकारचा रक्तस्राव काही आटोक्यात येईना. औषध बंद होऊन तीन-चार आठवडे लोटल्यावर हा सुरू होई. तोवर अ‍ॅक्रोलिन शरीरातून केव्हाच निघून गेलेले असे. मेस्ना घेतलेल्यांनाही तो होई. शिवाय तो दुसऱ्याची मज्जा घेणाऱ्यांत अधिक दिसे. स्वतःचीच मज्जा साठवून परत घेतलेल्यांत कमी, मग औषधे तितकीच जहाल असली तरीही. सगळा दोष औषधाचा असता तर हा फरक पडायला नको होता. आरोपी दुसराही कुणीतरी होता.

लंडनमधील एक नमुना

या दुसऱ्या आरोपीची नोंद तोवर झालेली होती, पण वेगळ्याच प्रकरणात. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात एका सुदानी गृहस्थाला भावाचे मूत्रपिंड बसवले होते. काही महिन्यांनी त्याची मूत्रवाहिनी अरुंद होऊन लघवी अडू लागली. डल्सी कोलमन या पेशीतज्ज्ञ बाईंनी त्याची लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा तिच्यात मोठ्या, काळपट केंद्रकांच्या विचित्र पेशी दिसल्या. अशा पेशी पाहून कर्करोगाचा भास होतो. म्हणूनच त्यांना पुढे ‘चकवा देणाऱ्या पेशी’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव पडले. कोलमन यांना मात्र हे विषाणूचे काम वाटले. सिल्व्हिया गार्डनर आणि अ‍ॅन फील्ड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तो विषाणूंचे गोल गोल कण खच्चून भरलेले. सुमारे ४० ते ४५ नॅनोमीटर व्यासाचा हा कण. एका मिलिमीटरच्या लांबीत असे वीस हजारांहून अधिक मावतील. १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि विषाणूला रुग्णाच्या नावाची आद्याक्षरे मिळाली : बीके.

त्याच अंकात अमेरिकेतील एका गटाने मेंदूच्या दुर्मिळ विकाराच्या रुग्णातून मिळालेला तसाच विषाणू जाहीर केला. त्यालाही रुग्णाचीच आद्याक्षरे : जेसी. माणसाच्या नावाने रोग ओळखला जाणे आज कुणाला रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण ही दोन अक्षरे मात्र ग्रंथांत कायमची बसली.

पुण्याहून बाल्टिमोरला

आता थोडे मागे जाऊ. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरून पडू लागली आणि जंगलात जाणारी माणसे तापाने आजारी पडू लागली. १९५२ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा छडा लावला. हाच क्यासानूर जंगलाचा ताप. त्यावर एका रशियन विषाणूपासून केलेली लस देऊन पाहिली गेली. त्या अनुभवाचा अहवाल १९६२ साली प्रसिद्ध झाला आणि लस उपयोगी पडत नाही असे त्यातून दिसले. अहवाल लिहिणाऱ्यांत पहिले नाव होते डॉ. कीर्ती शाह.

शाह पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी हाती घेतलेला प्रश्नही माकडांचाच निघाला. पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडातील पेशींवर वाढवत. त्यासाठी उत्तर भारतातील लाल तोंडाची माकडे मोठ्या संख्येने परदेशी जात. ही निर्यात आपल्या सरकारने १९७८ साली कायमची बंद केली. १९६० साली अमेरिकेत बेन स्वीट आणि मॉरिस हिलमन यांच्या असे ध्यानात आले, की या माकडांच्या पेशींत एक विषाणू गुपचूप राहतो. लाल तोंडाच्या माकडाच्या पेशींत तो काहीच खूण दाखवत नाही. आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या पेशींवर टाकला की त्या पेशींत पोकळ्या पडतात. म्हणूनच तो इतकी वर्षे नजरेतून सुटला होता. एसव्ही-४० हे त्याचे नाव. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यात त्याने गाठी होतात असे दिसल्यावर तर मोठीच घबराट उडाली, कारण लाखो मुलांना १९५५पासून ती लस टोचलेली होती.

मग माणसांना हा विषाणू लागतो का? शाह यांनी त्यासाठी भारतातील लोकांचे रक्तद्रव तपासले. माकडे निर्यात करणाऱ्या ठिकाणी काम करणाऱ्यांच्या रक्तातही एसव्ही-४०ला रोखणारी प्रतिपिंडे शोधली आणि काहींत ती मिळालीही. हे १९६६चे काम. पाच वर्षांनी बीके प्रकाशात आला, तेव्हा कळले की तो एसव्ही-४०चा चुलतभाऊच आहे. दोघांचाही जनुकीय साठा म्हणजे सुमारे पाच हजार अक्षरांचे गोल कडे. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे थोड्या प्रमाणात दुसऱ्यालाही ओळखतात. माकडाच्या विषाणूवर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला माणसाच्या विषाणूचा अभ्यास करायला यापेक्षा चांगली तयारी कोणती हवी?

१९७३ साली शाह आणि सहकाऱ्यांनी मेरीलँडच्या रहिवाशांचे रक्त तपासले. बीकेची प्रतिपिंडे बहुसंख्यांच्या रक्तात निघाली, आणि ती शाळकरी वयातच तयार झालेली असतात असे दिसले. म्हणजे हा विषाणू लंडनच्या एका रुग्णाचा नव्हे, तो जवळजवळ सर्वांचाच. हे वाचणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना तो बालपणी केव्हातरी होऊन गेला आहे. बहुतेकांना पत्ताही लागला नसेल. त्यानंतर तो मूत्रपिंडात आणि मूत्रमार्गाच्या अस्तरात पडून राहतो, आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्याला जागचे हलू देत नाही.

रोपणात ही प्रतिकारशक्तीच काही आठवडे नाहीशी होते. जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज सॅन्टोस यांचा रोपणाचा मोठा विभाग होता आणि त्याच आवारात शाह यांची प्रयोगशाळा. रे आर्थर, शाह, सॅन्टोस आणि सहकाऱ्यांनी रोपण झालेल्या ५३ रुग्णांची लघवी ठरावीक काळाने तपासली आणि १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या लघवीत बीके होता त्यांना आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकणारा रक्तस्राव इतरांच्या चौपट प्रमाणात झाला होता. रक्तस्राव चालू असताना घेतलेल्या नमुन्यांपैकी निम्म्याहून अधिकांत विषाणू होता. रक्तस्राव नसतानाच्या नमुन्यांत तो दहांत एखाद्याच नमुन्यात सापडे.

कीर्ती शाह यांचे नाव पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या विषाणूसंबंधी १९९९ साली गाजलेल्या संशोधनातही आहे. ती वेगळी कथा होईल.

सापडला म्हणून दोषी?

इथे विज्ञानाच्या शिक्षकांनी जरा थांबावे. ‘रोग्यात विषाणू सापडला’ आणि ‘विषाणूमुळे रोग झाला’ ही दोन विधाने एक नव्हेत. रॉबर्ट कॉख यांच्या कसोट्यांपैकी पहिलीच अशी, की जंतू रोग्यात सापडावा आणि निरोग्यात सापडू नये. बीके तर निरोग्यांतही असतो. जसजशा तपासण्या अधिक बारीक होत गेल्या तसतसे असे दिसले, की रोपण झालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या लघवीतून बीके बाहेर पडतो आणि त्यांतल्या पुष्कळांना रक्तस्रावाचा कसलाही त्रास होत नाही. मग १९८६च्या निष्कर्षाचे काय करायचे?

‘आहे की नाही’ हा प्रश्न सोडून ‘किती आहे’ हा प्रश्न विचारल्यावर वाट सापडली. २००१ साली हाँगकाँगच्या संशोधकांनी विषाणूची संख्या मोजली. रक्तस्राव झालेल्यांच्या लघवीत ती इतरांपेक्षा कित्येक पटींनी चढलेली होती. आता बहुतेक तज्ज्ञ असे मानतात, की तीन गोष्टी एकापाठोपाठ घडतात. आधी औषधे आणि किरणे मूत्राशयाचे अस्तर दुखावतात. मग पहारा उठल्यामुळे दुखावलेल्या अस्तरात विषाणू मोकाट वाढतो. आणि शेवटी नव्या मज्जेतून आलेल्या पांढऱ्या पेशी त्या विषाणूग्रस्त अस्तरावर तुटून पडतात. रक्तस्राव नेमका नवी मज्जा रुजण्याच्या सुमारास का होतो आणि स्वतःची मज्जा घेणाऱ्यांत कमी का होतो, याची संगती या मांडणीने लागते. तरी ती मांडणीच आहे. प्राण्यांवर प्रयोग करून ती पडताळणे कठीण, कारण बीके माणसाखेरीज कुणाला फारसा लागत नाही.

बीके एकटाच आरोपी आहे असेही नाही. जपानमध्ये रोपणानंतरच्या अशा रक्तस्रावात अ‍ॅडिनो गटातील ११ क्रमांकाचा विषाणू वरचेवर सापडतो. हाच विषाणू धडधाकट मुलांनाही कधी कधी लाल लघवीचा आजार देतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जपानी डॉक्टरांनी त्याची नोंद केली होती. मुलांमध्ये तो काही दिवसांत आपोआप बरा होतो. रोपण झालेल्या रुग्णात मात्र तो मूत्रपिंडापर्यंत आणि इतर अवयवांतही पसरू शकतो. म्हणून लघवीत रक्त दिसले की आता बीके, अ‍ॅडिनो आणि सायटोमेगॅलो या तिन्ही विषाणूंची तपासणी करण्याची पद्धत आहे.

अलीकडे या कथेत पहिला आरोपी पुन्हा हजर झाला आहे. लहान कुटुंबांच्या काळात जुळणारे भावंड मिळणे अवघड झाले. तेव्हा निम्मीच जुळणारी आई, वडील किंवा अपत्य यांच्या मूलपेशी वापरण्याची रीत आली. जॉन्स हॉपकिन्सच्याच डॉक्टरांनी ती बसवली. तीत रोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइडचा मोठा डोस देतात, म्हणजे रुग्णाच्या शरीरावर उलटू पाहणाऱ्या दात्याच्या पेशी मरतात. आपल्या देशातही ही रीत वाढते आहे, कारण दाता घरातच मिळतो. पण त्याबरोबर मूत्राशयाच्या रक्तस्रावाचे प्रमाणही वाढलेले दिसते. अ‍ॅक्रोलिन आणि विषाणू आता एकाच महिन्यात, हातात हात घालून येतात.

उपचारांबद्दल लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो. बीकेवर खात्रीचे औषध आजही नाही. सिडोफोव्हिर देतात, पण त्याचा गुण येतो की नाही याचा पुरावा कच्चा आहे आणि मूत्रपिंडाला त्याचा त्रास होतो. विषाणू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी दात्यांच्या रक्तातून वाढवून रुग्णाला देण्याच्या प्रयोगाकडून फार आशा होती. अशा पेशींच्या एका उपचाराच्या मोठ्या चाचण्या डिसेंबर २०२३मध्ये मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण त्या पुढे चालवून फायदा दिसण्याची शक्यता उरली नव्हती. इतर गट अजून त्याच दिशेने काम करत आहेत. तोवर वॉर्डात जे चालते ते साधे आणि कष्टाचे आहे : रक्तातील बिंबिका कमी होऊ न देणे, भरपूर द्रव देणे, वेदना शमवणे, आणि तीन तोंडांची नळी मूत्राशयात घालून एका तोंडाने सलाईन सोडत आणि दुसऱ्याने बाहेर काढत मूत्राशय रात्रंदिवस धूत राहणे. खाटेच्या कडेला टांगलेल्या पिशवीतील पाण्याचा रंग परिचारिका दर काही तासांनी नोंदवतात, आणि तो लालाचा गुलाबी व गुलाबीचा पिवळा झाला की नळी काढतात.